उजव्या पायातली चप्पल

“आ करा,” मालन म्हणाली, आणि ह्यांनी आ केला.

मी दारातच थांबले. हातात ह्यांचा डबा होता. सकाळच्या गडबडीत तो घरीच राहिला होता, म्हणून साडेदहाच्या उन्हात मी तो घेऊन परत आले होते. डब्यात दुधीची भाजी होती. दोनदा उकळून, दोनदा पाणी ओतून टाकून केलेली, बिनमिठाची. आणि इकडे शेजारच्या कॉटवरून मालन कुंभार हात लांब करून माझ्या नवऱ्याच्या तोंडात हापूसची फोड घालत होती.

ह्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया होत्या, हे खरं. पण उजवा हात मोकळा होता. चांगला पोटावर ठेवलेला होता. तो उचलून आंबा खाता आला नसता असं नव्हतं.

सिस्टरनं मला पाहिलं आणि हसून म्हणाली, “पहिल्या तासात चालतं हो काकू थोडंसं. पुढचे तीन तास मशीन आहे की धुवायला.”

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी सोमवार-बुधवार-शुक्रवार ह्यांना सांगलीच्या त्या केंद्रात दहाला सोडत होते आणि दोनला आणत होते, मधल्या वेळात घरी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करत होते, आणि पहिल्या तासात तिथले सगळे पेशंट एकमेकांचे डबे उघडून घरी बंदी असलेलं थोडं थोडं खातात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कुणाकडं केळं, कुणाकडं शेंगदाण्याची चटणी. आंबा म्हणजे तर ह्यांना विषच, असं मी धरून चालले होते. मी तर आंबा घरातच आणायचा बंद केला होता. मला आवडत असून.

“वैनी, या की,” मालन म्हणाली. “एकच फोड दिली सायबांना. तुमी घ्या एक.”

“नको,” मी म्हटलं. “मला पथ्य आहे.”

मला कसलंही पथ्य नव्हतं.

मालन पंचेचाळीस-सेहेचाळीसची असेल. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायची. अंगणवाडीत मदतनीस होती. दिसायला काही नव्हती. डायलिसिसवाल्यांचा रंग उडतोच, तसा तिचाही उडाला होता. पण हसायला लागली की सगळा हॉल तिच्याकडं बघायचा. मला हसू येत नाही असं नाही, पण माझं हसू कुणी वळून बघावं असं नाही.

त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. बाहेरच्या बाकावर दोनपर्यंत बसून राहिले आणि काचेतून बघत राहिले. दोन वाजता ह्यांच्या सुया निघाल्या, पट्टी बांधली गेली, हे उठून बसले. आणि मग मालननं टाळी वाजवली. “सायेब, गाडी सोडा!”

ह्यांनी घसा साफ केला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. सांगलीहून तासगावमार्गे विट्याला जाणारी दोन वाजून दहा मिनिटांची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. भूपाल चौगुले या प्रवाशाने त्वरित आपल्या जागेवर जाऊन बसावे.”

सगळा हॉल हसला. हे स्वतःचंच नाव पुकारत होते. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं सांगली स्टँडवर ह्यांचा आवाज घुमला. लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना घेऊन चोरून स्टँडवर गेले होते, नवरा बघायला नाही, ऐकायला. तो आवाज निवृत्तीनंतर आणि किडन्या गेल्यावर कुठं गेला ते मला कळलं नव्हतं. घरी दिवसाला दोन वाक्यं यायची. ‘पाणी दे’ आणि ‘फॅन बारीक कर’. त्यातल्या पहिल्या वाक्याला मी नाही म्हणायची. दिवसाचं सातशे मिली पाणी मी बाटलीवर खडूनं रेघ मारून ठेवायची. रेघेखाली पाणी गेलं की बाटली माझ्या ताब्यात. मी आमच्या घरची पोलीस होते. आणि तो आवाज इथं होता, हसवत होता, रोज दोन दहाला, मालनच्या टाळीवर.

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, “आंबा कसा होता?”

“कुठला?”

“भरवलेला.”

ह्यांनी हातावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, “मालनताईंनी आग्रह केला.”

“ताई!” मी म्हटलं. “ताई म्हटलं की सगळं चालतं.”

“तू कधी दिलास का?”

“मी दिला नाही म्हणून तुम्ही आज रिक्षात बसलाय.”

दस्तगीर रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर वळवली.

हा सोमवार होता. मंगळवारभर माझ्या डोक्यात ती फोड फिरत राहिली. चीड कशाची, हेही मला नीट सांगता येत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं साठीच्या आजारी नवऱ्यावरून जळावं, हे कुणाला सांगणार? बहिणीला फोन लावला आणि न बोलताच ठेवून दिला. रात्रंदिवस राबायचं आम्ही, वाईटपणा घ्यायचा आम्ही, आणि गोड घास भरवायला ही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं याला म्हणतात.

बुधवारी मी ह्यांना म्हटलं, “आज दस्तगीरच नेईल-आणेल. मला साड्या द्यायच्यात.”

“बरं,” हे म्हणाले. चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि वळले. “दुपारी घ्यायला तरी ये, शशी. खालच्या पायऱ्या उंच आहेत.”

“आहे की तिथं हात द्यायला कोणीतरी.”

ह्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग गेले. ‘खालच्या पायऱ्या उंच आहेत,’ हे त्यांचं मला बोललेलं शेवटचं पुरं वाक्य.

तीन वाजता रिक्षा आली. दस्तगीरनं ह्यांना खांद्याला धरून आत आणलं. “वैनी, सायेब आज लई दमल्यात. वाटंत एक शब्द बोलले न्हाईत.”

मी पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी होता, तळवा धुळीनं भरलेला.

“चप्पल कुठं टाकलीत?”

हे माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, सकाळचा राग आहे. अबोला धरलाय.

“बरं. राहू दे. झोपा.”

डायलिसिसच्या दिवशी ह्यांना उठवायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच होता. मशीनवरून आलेला माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो. हे यायचे, पडायचे, पाचपर्यंत हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. पलंगापर्यंत नेताना उजवा पाय जमिनीवर घासत आला तो मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणणार नाही. पण दोन वर्षांत मी ह्यांना इतक्या वेळा इतक्या तऱ्हांनी थकलेलं पाहिलं होतं की त्यात आणखी एक तऱ्हा, एवढंच मला वाटलं.

मी शिलाई मशीनवर बसले आणि फोन वाजला.

“वैनी, मालन बोलत्ये. सायेब पोचले का?”

माझा नंबर हिच्याकडं? ह्यांनीच दिला असणार.

“पोचले. झोपलेत.”

“त्यांची चप्पल हितं पायरीवर ऱ्हायली.”

“शुक्रवारी आणा.”

“चपलेचं न्हाई वो वैनी. पायातनं निघाली आन् त्यांना कळलंच न्हाई. तसंच चालत गेले रिक्षापतुर. मी हाका मारल्या. उजवा पाय ओढत हुते. आन् वर गाडी सोडताना फलाटाचा नंबर आला न्हाई त्यांना. तासगावमार्गे, तासगावमार्गे, असंच चारदा म्हणले. मला लक्षण बरं दिसंना. तुमी त्यांना लगीच मोठ्या दवाखान्यात न्या.”

“मालनबाई, डायलिसिस झालं की ते दमतातच.”

“दमल्यावर दोन्ही पाय जड हुतात, वैनी. एकच पाय न्हाई दमत. मला म्हाईत हाय.”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला म्हाईत हाय! तीस वर्षं संसार मी केला. ह्यांच्या अंगावरची सूज मी बोटानं दाबून बघते, रक्ताचे रिपोर्ट मी पाठ करते, रोज सकाळी वजनाच्या काट्यावर मी उभं करते. आणि शेजारच्या कॉटवर दिवसाचे चार तास पडणारी बाई मला सांगणार?

“माझ्या नवऱ्याला काय होतंय ते मला कळतं,” मी म्हटलं. “तुम्ही त्यांच्या तोंडात आंबे घाला. बाकीचं मी बघते. आणि या नंबरवर पुन्हा फोन करू नका.”

मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. मी वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी आवाज बंद करून तो साड्यांच्या गठ्ठ्याखाली सारला.

मग मी फॉल लावत बसले. ती जांभळी इरकल मला अजून आठवते. मध्ये एकदा, चारच्या सुमाराला, मी उठून खोलीच्या दारात गेले. हे उजव्या कुशीवर होते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, उशी भिजली होती. मी दारात उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता उठवलं आणि काही नसलं, तर शुक्रवारी ती सगळ्यांना हसून सांगेल की वैनी घाबरल्या. आणि काही असलं, तर तिचंच खरं ठरेल. मी परत येऊन साडी पुढं ओढली.

साडेपाचला मी ह्यांचा अर्धा कप चहा घेऊन गेले. “उठा,” म्हटलं. ह्यांनी डोळे उघडले. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. मी हात धरून उठवायला गेले, तर तो हात माझ्या हातातून निसटून गादीवर पडला. हे माझ्याकडं बघत होते आणि घशातून एकच आवाज काढत होते.

चहा पलंगावर सांडला. मी रस्त्यावर धावले.

*

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. चष्म्यातून बघायची आणि भरभर बोलायची. ह्यांना आत नेलं, डोक्याचा फोटो काढला, आणि ती बाहेर आली.

“रक्तस्राव नाही. मेंदूच्या शिरेत गुठळी अडकलीय. लकवा आहे. आता मला एकच सांगा, ते शेवटचे नीट केव्हा होते?”

“म्हणजे?”

“नीट बोलत होते, नीट चालत होते, असं तुम्ही डोळ्यांनी शेवटचं केव्हा पाहिलं? साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. वेळ अचूक हवी.”

साडेसहा वाजत आले होते. तीन वाजता अनवाणी पाय माझ्या दारात आला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला होता. आणि मी म्हणाले, “साडेपाचला. माझ्यासमोरच झालं. चहा देत होते मी.”

हे माझ्या तोंडातून कसं आलं, ते आज आठ वर्षांनी मला बरोबर सांगता येतं. घाबरले म्हणून नव्हे. तिचं खरं ठरलं होतं म्हणून.

“तासच झालाय मग,” डॉक्टरीण म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली. “डायलिसिसवर आहेत ना? आज झालं? मशीनवर रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, ते उतरलंय का, त्याची तपासणी पाठवलीय. ती आली की ठरवू.”

ती आत गेली आणि मला जरा बरं वाटलं. खरंच. वाटलं, आता इंजेक्शन देतील, हे बोलायला लागतील, आणि त्या अडीच तासांत काय झालं ते कुणालाच कळणार नाही.

तेवढ्यात जिन्यावरून मालन वर आली. भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत. हाताला दुपारची पट्टी तशीच होती, त्यावर रक्ताचा डाग. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. डायलिसिसच्या दिवशी ही बाई खरं तर झोपलेली असायला हवी होती. आधी ती आमच्या घरी गेली होती. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून इकडं आली.

“काय झालं वैनी?”

मी तोंड फिरवलं. पण डॉक्टरीण दारात उभी होती. तिनं विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी त्यांच्या शेजारच्या कॉटवर असत्ये, डायलिशिसला.” आणि थांबायचं नाव न घेता ती बोलत सुटली. “सुया काढल्या तवा दोन वाजता चांगले हुते. हसत हुते. दोन दहाला बोलताना आडखळले. अडीचला खाली उतरताना चप्पल निघाली, ही बघा. त्यांना कळलं न्हाई.”

तिनं पिशवीतून चप्पल काढली. उजव्या पायाची. अंगठ्यापाशी मीच महिन्यापूर्वी चांभाराकडून टाका घालून आणला होता.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. “तुम्ही साडेपाच म्हणालात.”

मी चपलेकडं बघत राहिले.

“हे बघा मावशी,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सावकाश बोलली. “वेळ चुकीची धरून मी इंजेक्शन दिलं, त्यात डायलिसिसचं औषध अंगात, तर त्यांच्या मेंदूत रक्तस्राव होईल. ते इथंच जातील. घरी आले तेव्हा पाय कसा होता?”

मालनला खोटं पाडायला एक शब्द पुरला असता. हिला काय माहीत, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. बायको मी होते.

“ओढत होते,” मी म्हटलं. “तीन वाजता. उजवा.”

“मग साडेपाच का सांगितलंत?”

“भ्यालेत वो त्या,” मालनच म्हणाली. “त्यांना कसं कळणार? डायलिशिसनंतर आमी सगळेच असे पडतो. मी फोन करत हुते त्यांना, सांगावं म्हणून. तीनदा केला. लागलाच न्हाई.”

मी वर पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. चप्पल परत पिशवीत घालत होती.

डॉक्टरीण म्हणाली, “किडनीच्या पेशंटमध्ये हे असंच होतं. लकव्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि झाला तर सगळ्यांना वाटतं थकवा आहे.” मग तिनं घड्याळ पाहिलं. इंजेक्शन नाही म्हणाली. पण मिरजेत एका ठिकाणी मांडीच्या शिरेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, आणि त्याला अजून दीड-दोन तास हातात आहेत. रुग्णवाहिका तिनंच बोलावली. मी आत बसले. दार लावताना मालननं ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

आठच्या आत मिरजेत गुठळी निघाली. हे वाचले. पाय परत आला, हात अर्धा परत आला. बोलणं गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, “दोन तास आधी आला असता तर.” आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सम्मेद, आमचा मुलगा, पुण्याहून पहाटे आला. त्याला मालनचंच म्हणणं सांगितलं गेलं. आजही तो म्हणतो, “आई, त्या दिवशी फोन लागला असता तर? नेटवर्कच भिकार.” मी हो म्हणते. फोनमधली ती नोंद मी मिरजेला जातानाच रुग्णवाहिकेत पुसून टाकली होती. एक मिनिट चाळीस सेकंदांची नोंद होती ती.

*

पुढं वर्षभर मी ह्यांना सोडून घरी गेले नाही. चार तास कॉटशेजारी स्टुलावर बसायचे. समजायचं सगळं ह्यांना. शब्द मात्र निघायचा नाही. मी रोज घरी ह्यांना बोलायला बसवत होते. “पाणी म्हणा. पा-णी.” हे कपाळाला आठ्या घालायचे, घाम यायचा, आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग मी रेघ न बघता पाण्याचा पेला द्यायची.

आणि एका शुक्रवारी मालन शेजारून सहज म्हणाली, “सांगलीहून तासगावमार्गे विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर...”

“तीन,” हे म्हणाले.

स्पष्ट. सिस्टर हातातलं टाकून धावत आली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मालन हसत रडत होती. मीपण टाळ्या वाजवल्या. सहा महिने मी एका शब्दासाठी ह्यांच्यापुढं हात जोडत होते, आणि शब्द आला तो तिला आला. मरणाच्या दारातून आणलं मी, तोंड धुतलं मी, लंगोट बदलले मी. तीन, म्हणे.

घरी जाऊन मी तीच घोषणा केली. तिच्यापेक्षा चांगली, अगदी बरोबर, फलाट क्रमांक तीनसकट. ह्यांनी मान हलवली आणि गप्प राहिले.

हा हेवा आणि दुसरं ते ओझं, दोन्ही मिळून मला झोप लागेना. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात, ह्यांचा डोळा लागला होता अशा एका शुक्रवारी, मी तिला विचारलं.

“मालनबाई, तुम्ही त्या दिवशी फोन लागला नाही असं का सांगितलंत?”

तिनं आधी श्वास जमवला. तिला त्या दिवसांत धाप लागायची.

“मग काय सांगू? सगळ्यांनी तुमाला धरलं असतं. पोरानं धरलं असतं. तुमी खचला असता. मग ह्यांचं पथ्यपाणी कोण करणार हुतं? मी?”

मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“राग यायचा तुमचा,” ती म्हणाली. “लई यायचा. आजून येतो. माझा नवरा हितनंच गेला न्हवं, चौदा सालात. त्याला दुधीबी कुणी शिजवून दिला न्हाई. मला कळत न्हवतं तवा. मिठाचं, लोणच्याचं, काय मागंल ते देत गेले. गोड वाटायचे त्याला. तुमी सायबांना न्हाई म्हणत हुता, म्हणून ते जगत हुते. सायेब डबा उघडला की रोज म्हणायचे, बघा, पाणी ओतून ओतून दुधीचा जीव घेतला हिनं. मला त्या दुधीचा हेवा वाटायचा, वैनी.”

मग धाप आवरून ती म्हणाली, “आन् एक सांगत्ये. घरी त्यांच्याफुडं बरोबर बोलू नगा. बरोबर आसलं की त्यांना बोलायचं काय कारण? फलाट चुकवा. एकतीस वर्षं कुणाचा फलाट चुकू दिला न्हाई त्यांनी. चूक सोसवत न्हाई त्यांना.”

हे तिचं गुपित होतं. जपून ठेवता आलं असतं तिला.

त्या शनिवारी मी बाजारातून हापूस आणला. घरात आंबा आला त्याला तीन वर्षं झाली होती. सोमवारी सकाळी दोन डब्या भरल्या. एकीत ह्यांची एक फोड, दुसरीत मालनची एक. तिलाही पथ्य होतंच, म्हणून एकच.

मालनच्या कॉटवर दुसराच कुणीतरी म्हातारा होता.

“काल सकाळी,” सिस्टर हळू म्हणाली. “भावाच्या घरीच. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस जातात ना काकू. पाणी फुप्फुसात चढलं.”

ह्यांना सुया लावल्या. मशीन सुरू झालं. हे शेजारच्या कॉटकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिकडं. ह्यांना कळलं होतं. मी डबी उघडली, फोड ह्यांच्या ओठांशी नेली.

“आ करा.”

ह्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली. पहिला तास संपत आला, तरी फोड माझ्या हातातच होती. तिचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. मला ओरडावंसं वाटलं की बाई गेली तरी तिच्याचसाठी तोंड बंद का. मग मी घसा साफ केला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. सांगलीहून तासगावमार्गे विट्याला जाणारी गाडी,” माझा आवाज फाटत होता, हॉलमधले लोक बघत होते, “फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे.”

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मान वळली. हे थेट माझ्याकडं बघत होते.

“तीन,” हे म्हणाले. “तीन, शशी.”

मी फोड त्या उघड्या तोंडात घातली आणि पटकन शेजारी वळले, मालनला सांगायला. तिथला म्हातारा डोळे मिटून पडला होता.